एर्झेबेत हे हंगेरियन नाव: कागदात ओळखावं कसं, मराठीत लिहावं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: हंगेरियन पत्रं आणि चर्चच्या नोंदी यांवरून मराठीत लिहिताना एकाच घरात एलिझाबेता, एर्झेबेत, एर्झी, बोझी आणि शेवटी कुणी 'कोवाच यानोशने' अशी नावं येतात. या बायका किती? आणि एर्झेबेत म्हणजे एलिझाबेथच असेल, तर सगळीकडे सरळ एलिझाबेथ का लिहू नये?

ही पाचही नावं एकाच बाईची असू शकतात, आणि नुसतं 'एर्झेबेत' हे एक नाव त्याच घरातल्या तिघींचंही असू शकतं. म्हणून नावाच्या रूपावरून बाई ठरवायची नाही. तिचं माहेरचं आडनाव आणि तिच्या आईचं नाव हाती लागेपर्यंत थांबायचं.

आधी उच्चार, कारण लेखनातल्या निम्म्या चुका तिथून सुरू होतात. नाव मूळचं हिब्रू. मराठी बायबलात जखऱ्याची बायको, योहानाची आई अलीशिबा आहे, तेच हे नाव. ग्रीक आणि लॅटिनमधून ते हंगेरीत पोचलं आणि तिथल्या जिभेवर एर्झेबेत झालं. लिहिताना मधे 'झेड' आणि 'एस' ही जोडी येते. हंगेरियनमध्ये ही जोडी म्हणजे एकच अक्षर आणि एकच ध्वनी. तो झाडातला झ नाही आणि झेंड्यातलाही नाही. लांब 'श' म्हणत राहा आणि जीभ न हलवता त्यात आवाज घुमवा. जे ऐकू येईल तो हा ध्वनी. देवनागरीत त्याला वेगळं चिन्ह नाही, तेव्हा झ लिहिण्याला पर्याय नाही.

दुसरी अडचण आघाताची. हंगेरियन शब्दात जोर नेहमी पहिल्या अक्षरावर असतो. मधल्या 'झे'वर तिरपी रेघ असते, ती लांबी दाखवते, जोर नाही. मराठी माणूस लांब स्वरावर आपोआप जोर देतो आणि नाव 'एर्‌-झेऽ-बेत' असं मधेच उचललं जातं. जोर 'एर्‌'वर ठेवून 'झे' नुसता लांबवायचा. पहिला आणि शेवटचा ए थोडा उघडा, ए आणि ॲ यांच्या मधला. शेवटी त, ट नव्हे. हंगेरियन त दातांवर जीभ टेकवूनच उच्चारतात.

एका बाबतीत मात्र मराठी वाचकाची सोय आहे. आपल्याकडे च दोन आहेत, चारमधला आणि चमच्यामधला, आणि हंगेरियनमध्येही नेमके हेच दोन आहेत. 'सी-एस' ही जोडी चारमधला च, नुसता 'सी' चमच्यातला. म्हणून कोवाच या आडनावातला च चारमधला. 'एस' मात्र श आणि 'एस-झेड' म्हणजे स, इंग्रजीच्या सवयीच्या बरोबर उलट. 'टी-एच' दिसलं की थ लिहू नका. जुन्या आडनावांत तो साधा त असतो: तोत, बातोरी. मराठीत सर्रास दिसणारं 'बाथरी' हे रूप याच चुकीतून आलेलं आहे.

आता लाडाची नावं. एर्झी आणि एर्झिके ही सर्वांत नेहमीची. बोझी आणि बोश्के यांत पहिला स्वर आपल्याकडे नाही: ए म्हणायचा आणि ओठ ओ म्हणताना करतो तसे गोल ठेवायचे. ओर्झे हे जुनं, खेड्यातलं रूप. त्याचंच पूर्ण रूप ओर्झेबेत, आणि तो लेखनदोष नाही. अरन्य यानोश या कवीने राजा मात्याशच्या आईवरच्या आपल्या प्रसिद्ध कवितेत नायिकेचं नाव याच रूपात घातलं आहे. तेव्हा जुन्या पत्रात ओर्झेबेत दिसलं तर ते 'दुरुस्त' करू नये. फसवणारी रूपं दोन. ओर्शी हे ओर्शोयाचं, म्हणजे उर्सुलाचं लाडकं रूप आहे; एर्झेबेतशी त्याचा संबंध नाही, पण घाईच्या हस्ताक्षरात ओर्झे आणि ओर्शी सारखेच दिसतात. आणि झोका. हे नाव एर्झेबेतवरूनही निघतं आणि झोफियावरूनही, त्यामुळे एकट्या 'झोका'वरून काहीच ठरत नाही. शिवाय मराठी वाचक झोका म्हटल्यावर झुल्याकडेच जाणार, म्हणून पहिल्या उल्लेखात 'झोका या लाडक्या नावाची' असं सांगून टाकावं.

वयाने मोठ्या बाईला हंगेरीत नावापुढे 'नेनी' लावतात: एर्झी नेनी. हा शब्द आपल्या काकू-मावशीसारखा चालतो आणि येतोही नावानंतरच, त्यामुळे भाषांतरात 'एर्झीकाकू' अगदी सहज बसतं. फक्त नातं रक्ताचं आहे असं गृहीत धरून वंशावळीत ती काकू म्हणून टाकू नये. शेजारीणही नेनीच असते.

सगळ्यांत जास्त घोटाळा करतो तो 'ने' हा प्रत्यय. हंगेरियनमध्ये नवऱ्याच्या पूर्ण नावाला 'ने' जोडला की त्याच्या बायकोचं नाव तयार होतं. कोवाच यानोश हा माणूस (हंगेरियनमध्ये आडनाव आधी येतं), कोवाच यानोशने ही त्याची बायको. लग्नात मुलीचं नाव बदलणं आपल्याला माहीत आहे. तिथे ते बदलत नाही, कागदावरून नाहीसंच होतं. एर्झेबेत तोत लग्न करते आणि दुसऱ्या दिवसापासून सही करते 'कोवाच यानोशने'. त्यात ना एर्झेबेत उरते ना तोत.

आणि हा 'ने' उच्चाराने हुबेहूब मराठीचा 'ने' आहे. 'कोवाच यानोशने पत्र लिहिलं' हे वाक्य मराठीत वाचणारा प्रत्येक जण पत्र यानोशने लिहिलं असंच समजणार. मूळ कागदात पत्र लिहिलेलं असतं त्याच्या बायकोने. व्याकरणाप्रमाणे तिथे 'यानोशनेने' हवं, आणि ते कुणी सरळ वाचू शकत नाही. भर म्हणजे हंगेरियनमध्ये लिंगभेद नाही. तो आणि ती या दोघांना एकच सर्वनाम आहे, क्रियापदावरूनही काही कळत नाही, म्हणजे पुढची वाक्यंही चूक उघडी पाडत नाहीत आणि अख्खं पत्र पुरुषाच्या तोंडी जातं. उपाय सोपा आहे: हा प्रत्यय मराठीत लिप्यंतर करून ठेवायचाच नाही. 'यानोश कोवाच यांची पत्नी' असं लिहायचं आणि तिचं स्वतःचं नाव सापडलं की 'एर्झेबेत, यानोश कोवाच यांची पत्नी'. वंशावळीच्या तक्त्यात किंवा दाखल्याच्या प्रतीत मूळ रूप दाखवणं भागच असेल, तर मधे संयोगचिन्ह टाकून 'यानोश-ने' लिहावं आणि लगेच खुलासा द्यावा.

एक पूर्ण नोंद जवळून पाहू. 'ओझ्व. कोवाच यानोशने, स्युल. तोत एर्झेबेत'. ओझ्व. म्हणजे ओझ्वेद्य, विधवा. स्युल. म्हणजे स्युलेतेत, जन्मनाव. आडनाव आधी, नाव नंतर. अर्थ: यानोश कोवाच यांची विधवा, माहेरची एर्झेबेत तोत. यातला कामाचा भाग स्युल.च्या पुढचा. सुरुवातीला 'इफ्य.' असेल तर आणखी जपावं. इफ्य. म्हणजे धाकटा, पण 'इफ्य. कोवाच यानोशने' यात धाकटी बाई नसते, धाकट्या यानोशची बायको असते. तिचा सासराही यानोश, म्हणून ते विशेषण. सासू त्याच घरात 'इद.', म्हणजे थोरल्या यानोशची बायको म्हणून नोंदलेली सापडते, आणि दोघींची नावं एर्झेबेत असणं मुळीच दुर्मीळ नाही. आजही हंगेरीतल्या हयात स्त्रियांमध्ये मारियाच्या खालोखाल हेच नाव येतं, जरी नव्या मुलींना ते पहिलं नाव म्हणून क्वचितच ठेवतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नियम सैल होत गेले, म्हणून अलीकडच्या कागदात चार प्रकार भेटतील: कोवाच यानोशने, कोवाचने तोत एर्झेबेत, कोवाच यानोशने तोत एर्झेबेत, आणि माहेरचंच तोत एर्झेबेत. पाचवा, नवऱ्याचं आडनाव आणि स्वतःचं नाव असा कोवाच एर्झेबेत, हंगेरियन कायद्यात 2004 पासून आला. म्हणजे 1930 च्या कागदात 'कोवाच एर्झेबेत' दिसली तर ती कोवाचांची सून नाही, लेक आहे. या एका फरकावर वंशावळीची अख्खी फांदी इकडची तिकडे जाते.

शोधाची पद्धत नोंदीच्या काळावरून ठरते. मुलकी नोंदणी हंगेरीत 1 ऑक्टोबर 1895 ला सुरू झाली. त्याआधी फक्त चर्चच्या वह्या, आणि कॅथलिक वह्या एकोणिसाव्या शतकात बऱ्याच पुढेपर्यंत लॅटिनमध्ये. लॅटिन वहीत एर्झेबेत नावाची एकही मुलगी सापडत नाही. सगळ्या एलिझाबेता, पुष्कळदा नुसतं 'एलिस.' असं तोडलेलं. हंगेरियन 1844 च्या कायद्याने राज्यकारभाराची भाषा झाली, त्या सुमारास वह्याही बदलू लागल्या. पहिल्या महायुद्धानंतर सीमा सरकल्या आणि आजच्या स्लोवाकियात गेलेल्या गावांत तीच बाई म्हातारपणी अल्झ्बेता झाली, रुमानियात एलिसाबेता. उदाहरण द्यायचं तर 1838 ला बाप्तिस्मा एलिझाबेता म्हणून, 1860 ला लग्न एर्झेबेत म्हणून, अशा दोन नोंदी एकाच बाईच्या असणं हा नेहमीचा प्रकार आहे. म्हणून संगणकावर शोधताना नाव न टाकता आडनाव, गाव आणि वर्षांची मर्यादा टाका. नाव टाकायचंच असेल तर लॅटिन, जर्मन आणि हंगेरियन रूपं वेगवेगळी टाकून बघा. हंगेरियन रूप एकदा रेघेसह आणि एकदा रेघेविना.

दोन नोंदी एकीच्याच आहेत हे ठरवायला आईचं नाव लागतं. हंगेरियन सरकारी अर्जावर 'अन्या नेवे', म्हणजे आईचं नाव, हा रकाना असतोच आणि त्यात आईचं माहेरचं पूर्ण नाव लिहावं लागतं. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालणं आलं, पण आपल्याकडे ते नुसतं पहिलं नाव. हंगेरियन रकान्यात तिचं माहेरचं आडनावही असतं, आणि म्हणूनच तो एवढा उपयोगी पडतो. तोत एर्झेबेत गावात दहा असतील, पण आई साबो कतालिन आणि वडील तोत मिहाय असलेली बहुधा एकच. 'बहुधा' यासाठी की लहानपणी वारलेल्या मुलीचं नाव पुढच्या मुलीला द्यायची रीत होती. त्याच आईवडिलांच्या पोटी 1841 ला एक एर्झेबेत आणि 1844 ला दुसरी दिसली, तर मधल्या तीन वर्षांच्या मृत्यूंची वही उघडल्याशिवाय लग्नाची नोंद कुणालाही जोडू नये. घाईत पहिली पकडली जाते आणि मेलेल्या मुलीला नातवंडं होतात.

हे सगळं राजघराण्यातही जसंच्या तसं लागू आहे, म्हणून प्रसिद्ध एर्झेबेतांकडे याच नजरेने पाहावं.

नावाला युरोपभर वजन आलं ते आरपाद घराण्यातल्या संत एर्झेबेतमुळे. 1207 चा जन्म, राजा दुसरा आंद्राश याची मुलगी. चार वर्षांची असताना तिला थुरिंगियाला पाठवलं, 1221 ला तिथल्या लुडविगशी लग्न झालं. धर्मयुद्धावर निघालेला नवरा 1227 ला ओत्रांतोत वारला, तेव्हा ती 20 वर्षांची होती. तिने मारबुर्गला रुग्णालय काढलं, स्वतः रोग्यांची सेवा केली आणि 17 नोव्हेंबर 1231 ला 24 व्या वर्षी गेली. चारच वर्षांनी, 1235 ला, तिला संतपद मिळालं. जर्मन ग्रंथांत ती 'थुरिंगियाची एलिझाबेथ' असते आणि हंगेरियन ग्रंथांत 'आरपाद घराण्यातली'. दोन संत समजून दोन टिपा लिहू नका. तिच्या सावत्र बहिणीची नात पोर्तुगालची राणी झाली, तीही पुढे संत ठरली, आणि तिचं नाव इझाबेल. इझाबेल हे याच नावाचं तिकडचं रूप. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेलं इझाबेल म्हणजे एर्झेबेतचीच बहीण.

पत्रांसाठी एक बारकावा: हंगेरीत एर्झेबेतचा नामदिन 19 नोव्हेंबर. 1969 च्या सुधारणेनंतर चर्चच्या पंचांगात हा सण 17 ला गेला, पण हंगेरियन माणूस अजून 19 च पाळतो. 'एर्झेबेतच्या दिवशी' असं लिहिलेल्या पत्राची तारीख तीच धरावी. त्या सुमारास पहिलं बर्फ पडलं की एर्झेबेतने परकर झटकला असं म्हणतात. पत्रात हे वाक्य आलं तर ते हवामानाबद्दल आहे, घरातल्या एर्झेबेतबद्दल नाही.

चौदाव्या शतकात सासू-सून दोघी एर्झेबेत. सासू पोलंडच्या राजघराण्यातली, राजा कारोय रोबेर्तची राणी. 17 एप्रिल 1330 ला विशेग्रादच्या वाड्यात जेवणाच्या वेळी झालेल्या तलवारहल्ल्यात उजव्या हाताची चार बोटं गमावलेली ती हीच. सून बोस्नियाची, 1353 ला तिचा मुलगा राजा लायोश (महान) याच्याशी लग्न होऊन आलेली, आणि जानेवारी 1387 मध्ये कैदेत गळा दाबून मारली गेलेली. सासू 1380 पर्यंत जगली. म्हणजे 1353 ते 1380 या काळातल्या सनदेत 'राणी एलिझाबेथ' एवढंच असेल तर शेजारी 'राजमाता' किंवा 'थोरली' असा शब्द शोधलाच पाहिजे. नुसत्या नावावर दान कुणाचं हे ठरत नाही.

पंधराव्या शतकात माय-लेकी. लक्सेंबुर्ग घराण्यातली राणी एर्झेबेत 1439 ला विधवा झाली, तेव्हा पोटात मूल होतं. हंगेरीत पवित्र मुकुटाशिवाय राज्याभिषेक वैध धरत नसत, आणि मुकुट विशेग्रादच्या किल्ल्यात कुलूपबंद. तिची दासी हेलेने कोटानर हिने फेब्रुवारी 1440 च्या एका रात्री साथीदारांकरवी मुकुट काढवला, लाल मखमली उशी उसवून तिच्यात घातला, पुन्हा शिवली, आणि गोठलेल्या डॅन्यूबवरून कोमारोमला राणीकडे पोचवली. 22 फेब्रुवारीला मुलगा झाला, आणि 15 मे ला तान्ह्या बाळाला सेकेशफेहेरवारमध्ये तोच मुकुट लाभला. हे सगळं हेलेनेने स्वतः जर्मनमध्ये लिहून ठेवलं आहे. तिच्या हकिकतीत राणीची लहान मुलगीही येते, आणि तिचंही नाव एलिझाबेथ; पुढे ती पोलंडची राणी झाली. उतारे घेताना कोणती कुठली हे प्रत्येक वेळी ठरवावं.

सिलाद्यी एर्झेबेत ही हुन्यादी यानोशची बायको, 1458 ला राजा झालेल्या मात्याशची आई. बुडापेश्तमध्ये तिच्या नावाचा मोठा वृक्षमार्ग आहे. शहरातलं बाकीचं बरंच 'एर्झेबेत' मात्र 8 जून 1867 ला राज्याभिषेक झालेल्या राणीचं, म्हणजे जगाला सिसी म्हणून माहीत असलेल्या, 1837 ला म्युनिकला जन्मलेल्या आणि 1898 ला जिनिव्हात खून झालेल्या बाईचं. सातव्या विभागाला तिचं नाव 1882 ला मिळालं. एर्झेबेत पूल 1903 चा. 1945 ला युद्धात उडवला गेला, आणि 1964 ला त्याच जागी 290 मीटरच्या एका गाळ्याचा नवा उभा राहिला. पण त्याच सातव्या विभागातलं एर्झेबेत चर्च संत एर्झेबेतचं आहे, राणीचं नाही. पत्त्यात नुसतं 'एर्झेबेत' वाचून पुढे जाऊ नये.

बातोरी एर्झेबेतबद्दल, म्हणजे मुलींच्या खुनांच्या आरोपामुळे कुख्यात झालेल्या सरदार घराण्यातल्या बाईबद्दल, मराठीत सर्वांत जास्त आणि सर्वांत बेफिकीर लिहिलं जातं. 1560 चा जन्म, नादाश्दी फेरेन्तसशी 1575 ला लग्न, डिसेंबर 1610 च्या अखेरीस चेयतेला अटक, ऑगस्ट 1614 ला कैदेतच मृत्यू. तिच्यावर स्वतःवर खटला कधी चालला नाही; चालला तो तिच्या नोकरांवर. रक्ताच्या स्नानाची गोष्ट त्या काळच्या साक्षींत नाही, ती 1729 ला छापलेल्या पुस्तकातून पसरली. मारलेल्यांचा 650 हा आकडा एका ऐकीव साक्षीवर उभा आहे. एवढं लिहूनच पुढे जावं. चेयते आज स्लोवाकियात आहे आणि नकाशावर चाख्तित्से म्हणून सापडतं.

विसाव्या शतकात नाव सर्वत्र आहे: शिल्पकार शार एर्झेबेत, संगीतकार सोन्यी एर्झेबेत, लेखिका गल्गोत्सी एर्झेबेत. परदेशी पुस्तकांत यांची नावं उलटी, आडनाव शेवटी अशी येतात, तेव्हा सूची करताना क्रम एकच ठरवून ठेवा.

भारतीय वाचकाला भेटणारी जोडी ब्रुनर माय-लेकींची. दोघी चित्रकार, दोघी एर्झेबेत, दोघी नद्यकनिझा गावच्या. 1930 ला भारतात आल्या, शांतिनिकेतनात राहिल्या आणि पुढे इथल्याच झाल्या. आई 1889 ची, 1950 ला नैनितालला वारली. मुलगी 1910 ची, तिला पद्मश्री मिळाली, 2001 ला दिल्लीत गेली. इथल्या याद्यांत दोघीही 'एलिझाबेथ' आहेत. आईच्या नावात बहुधा 'सास ब्रुनर' असं जोडनाव असतं, मुलीच्या नावात नुसतं ब्रुनर. चित्रावर 1950 नंतरची तारीख असेल तर ते मुलीचं. त्याआधीचं असेल आणि 'सास' दिसत नसेल, तर सही आणि पाठीमागची नोंद पाहिल्याशिवाय नाव लिहू नका.